दोनशे क्रोनरच्या नोटेवरचा माणूस

२४ ऑक्टोबर १९९५ ची सकाळ तुमच्यापैकी कितीजणांना आठवते, माहीत नाही. दिवाळीची सुट्टी होती, आदल्याच दिवशी लक्ष्मीपूजन झालं होतं. तरीही दहावीतले आपण पंधरा-वीस जण सूर्यग्रहण बघायला शाळेच्या मैदानावर जमलो होतो. विज्ञानाच्या सरांनी मधे छोटं भोक ठेवलेला कागद आरशाला चिकटवला आणि सूर्याची प्रतिमा सावलीतल्या भिंतीवर पाडली. कडेने चावलेल्या बिस्किटासारखा सूर्य तिथे थरथरत होता. काहीजणांना ग्रहण सुटेपर्यंत काही खायचं नाही अशी घरून ताकीद होती. चकलीच्या डब्यावर सगळ्यात आधी तुटून पडले ते तेच.

आपल्याकडे ग्रहण खंडग्रास होतं. उत्तरेत जिथे ते खग्रास दिसणार होतं, तिथे काळ्या चंद्राभोवती पांढरं प्रभामंडळ दिसेल आणि ते सूर्याचंच वातावरण असतं, असं सरांनी सांगितलं. मी विचारलं की ते प्रभामंडळ संपतं कुठे? आणि ते संपल्यावर पृथ्वीपर्यंत मधे काय असतं? पुस्तकात तर पोकळी लिहिलेली होती. सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की नक्की माहीत नाही, बघून सांगतो. दहावीच्या मुलीला असं उत्तर देणारे शिक्षक किती थोडे असतात, हे मला पुढे नोकरीत कळलं. नंतर पूर्वपरीक्षा आली, बोर्डाची परीक्षा आली आणि ते राहून गेलं.

आता तीस वर्षांनी आपण पुन्हा भेटतोय आणि सर येणार आहेत असं समितीने कळवलंय. स्मरणिकेसाठी कुणी आवडत्या व्यक्तीवर लिहिलं तरी चालेल, असंही कळवलंय. म्हणून मी एका नॉर्वेजियन माणसाबद्दल लिहितेय. त्याला जाऊन शंभरावर वर्षं झाली. माझा प्रश्न त्याला माझ्याआधी शंभर वर्षं पडला होता आणि त्यापायी त्याने सगळं आयुष्य खर्च केलं.

त्याची माझी ओळख एका नोटेवर झाली. २०१४ च्या उन्हाळ्यात कंपनीच्या कामासाठी मी तीन महिने ऑस्लोला होते. एका दुकानात सुट्टे पैसे घेताना हातात दोनशे क्रोनरची नोट आली. नोटेवर सहसा राजे, पुढारी, फार तर लेखक असतात. इथे टक्कल, चष्मा आणि मिशा असलेला एक माणूस होता. त्याच्या बाजूला काचेच्या पेटीत लटकवलेला गोळा होता आणि मागच्या बाजूला उत्तर ध्रुवाभोवतीचा नकाशा. मी कामाला होते तिथल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, हे क्रिस्तियान बिर्कलंड. जूनमध्ये तिथे रात्री साडेदहा वाजले तरी सूर्य मावळत नसे आणि मला झोप लागत नसे. त्या उजेडातल्या रात्री मी या माणसाबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

बिर्कलंड यांचा जन्म १३ डिसेंबर १८६७ चा, क्रिस्तियानिया शहरातला. आजचं ऑस्लो म्हणजेच ते. लहानपणी स्वतःच्या पैशांनी घेतलेली पहिली वस्तू लोहचुंबक होती, असं त्यांच्याबद्दल सांगतात. चुंबक पुढे त्यांना सुटला नाही. विद्यापीठातलं शिक्षण झाल्यावर १८९३ मध्ये ते पॅरिसला प्वँकारे यांच्याकडे गेले, मग जिनिव्हाला आणि बॉनला. विद्युतचुंबकीय लहरी पहिल्यांदा प्रयोगशाळेत दाखवणारे हर्ट्झ बॉनमधलेच. १८९५ मध्ये बिर्कलंड यांनी मॅक्सवेलच्या समीकरणांची एक सर्वसाधारण उकल प्रसिद्ध केली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ज्या समीकरणांनी आपल्यापैकी काहींना घाम फोडला, तीच ही समीकरणं. १८९८ मध्ये, तिशीतच, ते प्राध्यापक झाले. गणितात रमले असते तरी त्यांचं नाव राहिलं असतं.

पण १८९६ च्या सुमारास त्यांच्या हातात निर्वात नळी आली. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत विजेचा दाब दिला की ऋण टोकाकडून किरण निघतात. हे किरण म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत, हे त्यानंतर वर्षभराने कळलं. बिर्कलंड यांनी नळीजवळ जोरदार चुंबक धरला तेव्हा ते किरण चुंबकाच्या टोकाकडे ओढले जाऊन एका जागी गोळा झाले. त्यांना लगेच उत्तरेचं आकाश आठवलं. पृथ्वी हासुद्धा एक चुंबकच. ध्रुवीय प्रकाश, ज्याला आपण अरोरा म्हणतो, तोही ध्रुवांजवळच दिसतो. सूर्याकडून असेच विद्युतभारित कण येत असतील आणि पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडे वळवत असेल तर? तोपर्यंत सूर्याकडून आपल्याकडे प्रकाश आणि उष्णता येते, बाकी मधे काही नाही, असाच सर्वसाधारण समज होता. हा तिशीच्या आतला माणूस म्हणत होता की सूर्याकडून पदार्थही येतो.

खोलीत बसून हे सिद्ध होणार नव्हतं. म्हणून ते उत्तरेला निघाले, तेही ऐन हिवाळ्यात, कारण अरोरा बघायला काळोख लागतो. सुरुवातीच्या एका मोहिमेत वादळात सापडून हेलांड-हान्सेन नावाच्या तरुण विद्यार्थ्याच्या हातांची बोटं थंडीने गेली. तो वैद्यकीचं शिकत होता. ते सोडावं लागलं आणि पुढे तो मोठा समुद्रशास्त्रज्ञ झाला. १८९९-१९०० चा हिवाळा बिर्कलंड यांनी हाल्दे नावाच्या डोंगरमाथ्यावर काढला. नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला, नऊशे मीटर उंचीवर, दगडी वेधशाळा बांधून. समोरच्या दुसऱ्या माथ्यावर तशीच आणखी एक वेधशाळा, मधे टेलिफोनची तार. दोन जागांवरून एकाच वेळी अरोरा बघायचा आणि कोनांवरून त्याची उंची काढायची, असा बेत होता. पण दोन माथ्यांमधलं अंतर जेमतेम साडेतीन किलोमीटर. अरोरा शंभर किलोमीटर आणि त्याहून वर असतो, त्यामुळे कोनातला फरक मोजण्याइतका मिळेना. त्याच मोहिमेत एक तरुण सहकारी हिमकडा कोसळून दगावला.

माझ्या वाचनात मी इथे थांबले होते. माणसं गमावून, उत्तर हाती न लागता परत आलेल्या कुणी तो नाद सोडला असता. बिर्कलंड यांनी पुढच्या खेपेला चार ठाणी उभारली. १९०२-०३ च्या हिवाळ्यात नॉर्वेचं उत्तर टोक, आइसलँड, स्पिट्सबर्गन आणि रशियाच्या उत्तरेचं नोवाया झेम्ल्या बेट, अशा चार जागी त्यांची माणसं बसली. प्रत्येक ठाण्यावर टांगलेले चुंबक होते आणि त्यांची हालचाल फोटोच्या कागदावर सतत नोंदली जात होती. नववीच्या सहलीत आपण अलिबागची चुंबकीय वेधशाळा बघितली होती, आठवतंय? तिथलं काम याच जातीचं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांनी सुया बिघडणार, म्हणून कुलाब्याचं ते काम १९०४ मध्ये अलिबागला हललं. आणि त्याच कुलाब्याला सप्टेंबर १८५९ मध्ये, इतिहासातलं सर्वात गाजलेलं सौर वादळ आलं तेव्हा, सुई केवढी खाली गेली याची नोंद आहे. ती आजही जगभर वापरतात. आपण मात्र त्या दिवशी समुद्रावर कधी नेणार, एवढंच विचारत होतो.

चार ठाण्यांच्या नोंदी एकाच वेळेवर जुळवून बघायच्या, हे काम माझ्या ओळखीचं आहे. एखादी मोठी यंत्रणा बिघडली की आम्ही वेगवेगळ्या सर्व्हरचे लॉग सेकंदाला सेकंद लावून बघतो आणि बिघाड कुठून सुरू होऊन कुठे गेला ते शोधतो. बिर्कलंड यांनी हेच केलं, तेही हाताने. जगभरच्या वेधशाळांकडूनही त्यांनी नोंदी मागवल्या. त्यातून त्यांना दिसलं की अरोरा पेटतो तेव्हा त्याच्या पट्ट्यात आकाशात प्रचंड वीजप्रवाह वाहतात, दहा लाख अँपिअरपर्यंतचे. हे प्रवाह बाहेरच्या अवकाशातून चुंबकीय रेषांना धरून खाली उतरतात, काही अंतर आडवे वाहतात आणि पुन्हा तसेच वर निघून जातात, असं त्यांनी मांडलं. या मोहिमेचा ग्रंथ दोन भागांत निघाला, १९०८ आणि १९१३ मध्ये.

आता प्रश्न पैशांचा. मोहिमा, छपाई, प्रयोगशाळा, सगळ्याला पैसा लागतो आणि विद्यापीठ तेवढा देणार नव्हतं. बिर्कलंड यांनी विजेच्या चुंबकाने गोळा फेकणारी तोफ बनवली, तिचं पेटंट घेतलं. ६ मार्च १९०३ ला विद्यापीठाच्या सभागृहात प्रतिष्ठित पाहुण्यांसमोर तिचं प्रात्यक्षिक ठेवलं. कळ दाबली आणि शॉर्ट सर्किट झालं. कानठळ्या बसवणारा आवाज, ज्वाळा आणि पाहुण्यांची पळापळ. क्लायंटसमोर डेमो फसतो म्हणजे काय होतं, हे आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण एवढा मोठा फसलेला डेमो मी दुसरा ऐकला नाही.

त्याच सुमारास एका मेजवानीत त्यांची साम आयडे या अभियंत्याशी गाठ पडली. आयडे यांच्याकडे धबधब्यांचे हक्क होते, म्हणजे भरपूर वीज होती, आणि त्यांना हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवायचं होतं. त्यासाठी जमिनीवर वीज पाडावी लागेल इतकी उष्णता हवी होती. तोफेच्या कामात बिर्कलंड यांना चुंबकक्षेत्रात पसरणाऱ्या ठिणगीची ओळख झालेली होती. ठिणगीला चुंबकाने थाळीसारखं पसरवायचं, त्या तीन हजार अंशांच्या ज्वाळेतून हवा न्यायची, तयार झालेल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडपासून आम्ल आणि त्यापासून खत. १९०५ मध्ये कारखाना उभा राहिला आणि त्याच वर्षी नॉर्स्क हायड्रो कंपनी स्थापन झाली. ती आजही आहे. जर्मनीची हेबर-बॉश पद्धत आल्यावर ही वीजखाऊ पद्धत मागे पडली, पण तोवर तिने बिर्कलंड यांना पैसा मिळवून दिला होता. तो त्यांनी पुन्हा संशोधनातच घातला. नोबेलसाठी त्यांचं नाव रसायन आणि भौतिकी मिळून सात वेळा सुचवलं गेलं. मिळालं एकदाही नाही.

नोटेवरची काचेची पेटी याच काळातली. आत चुंबक बसवलेला एक गोळा, म्हणजे छोटी पृथ्वी. ती निर्वात पेटीत टांगायची आणि तिच्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा. शेवटची पेटी तर हजार लिटरच्या आसपास होती. झोत सुरू केला की गोळ्याच्या दोन्ही ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी उमटत, अगदी अरोरासारखी. लोक ते बघायला येत. पण दुसऱ्या देशांतल्या, विशेषतः इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांना ते पटत नव्हतं. एक आक्षेप रास्तच होता. सूर्याकडून फक्त ऋणभारित कण निघाले तर ते एकमेकांना दूर ढकलतील आणि झोत वाटेतच विस्कटून जाईल. बिर्कलंड यांनी यावर खूप विचार केला. १९१६ पर्यंत ते या मतावर आले की सूर्याकडून दोन्ही प्रकारचे कण येत असावेत, ऋणही आणि धनही. ग्रहांमधली जागा अशा उडत्या विद्युतभारित कणांनी भरलेली आहे, असं ते त्याआधीच लिहून गेले होते.

घरचं आयुष्य मात्र विस्कटलं. १९०५ मध्ये इडा हामर यांच्याशी लग्न झालं, पण नवरा प्रयोगशाळेत राहायचा. काही वर्षांत संसार मोडला, मूल नव्हतं. झोप तर कधीचीच उडाली होती. झोपेसाठी ते व्हेरोनाल नावाचं औषध घेऊ लागले.

आता येतो त्यांच्या आयुष्याचा तो भाग, ज्याच्यासाठी मी हे लिहायला घेतलं. गावाकडे अगदी काळोख्या रात्री, सूर्य मावळून तास-दीड तास झाल्यावर पश्चिमेला क्षितिजापासून वर चढणारा पांढुरका, तिरपा, निमुळता उजेड कधीकधी दिसतो. पहाटे तसाच पूर्वेला. तो राशींच्या पट्ट्यातून जातो म्हणून त्याला राशिचक्र प्रकाश म्हणतात. बिर्कलंड यांना वाटलं, हाच तो पुरावा. सूर्याकडून निघालेला विद्युतभारित पदार्थ ग्रहांच्या मधे पसरलेला आपल्याला डोळ्यांनी दिसतोय. हा प्रकाश विषुववृत्ताकडे चांगला दिसतो, म्हणून ते आधी सुदानला जाऊन आले आणि १९१३ मध्ये इजिप्तला, कैरोजवळच्या हेलवानला, जाऊन राहिले. अरोरासाठी बर्फात बसलेला माणूस आता वाळवंटात बसला. रात्ररात्र जागून फोटो काढायचे, चकाकी मोजायची.

तोवर पहिलं महायुद्ध पेटलं. इजिप्त ब्रिटिशांच्या ताब्यात होता. बिर्कलंड एकटे पडले, औषध वाढत गेलं आणि त्याबरोबर संशयही. ब्रिटिश हेर आपल्या मागावर आहेत असं त्यांना वाटू लागलं. घरी जायचं तर युरोपची वाट पाणबुड्यांमुळे धोक्याची, म्हणून १९१७ मध्ये त्यांनी जपानमार्गे जायचं ठरवलं. टोकियोत ओळखीचे शास्त्रज्ञ होते. त्यांपैकी भौतिकीचे तोराहिको तेरादा चांगले निबंधकारही होते आणि या शेवटच्या भेटींबद्दल त्यांनी पुढे लिहिलं. १५ जून १९१७ च्या सकाळी उएनो भागातल्या सेइयोकेन हॉटेलच्या खोलीत बिर्कलंड मृत सापडले. सांगितलेली मात्रा अर्ध्या ग्रॅमची होती, पोटात गेलं होतं दहा ग्रॅम. वय एकोणपन्नास.

इथे स्वतःबद्दल थोडं सांगते, कारण आपण सगळे आता त्याच वयाच्या आसपास आहोत. ऑस्लोहून परत आल्यावर काही वर्षं माझं काम अमेरिकेच्या वेळेवर चालायचं. रात्री दोनला मीटिंग संपायची आणि पहाटे पाचपर्यंत डोळा लागायचा नाही. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी गोळ्या दिल्या होत्या, त्या मी बरेच महिने चालवल्या. अर्धीची एक झाली, एकीची दीड. एका रात्री गोळी घेतली होती हे विसरून मी पुन्हा घेतली आणि मग बहुतेक तिसऱ्यांदाही. सकाळी मुलीच्या शाळेची वेळ झाली तरी मी उठेना, म्हणून नवऱ्याने दवाखान्यात नेलं. दोन दिवसांत घरी आले. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती आणि त्यानंतर कित्येक दिवस सकाळी येऊन माझ्या नाकासमोर हात धरून बघायची. दवाखान्यात पडल्या पडल्या मला टोकियोची ती खोली आठवत होती. मी ते काम सोडलं, दिवसाचं काम घेतलं, पगार कमी झाला. आपल्या ग्रुपवर रात्री तीनला कोण कोण जागं असतं ते मला दिसतं. त्यांच्यासाठी एवढंच.

बिर्कलंड गेले आणि त्यांचं म्हणणंही मागे पडलं. अरोराच्या वेळचे प्रवाह पृथ्वीच्या वातावरणातच फिरतात, बाहेरून येत नाहीत, हे सिडनी चॅपमन या इंग्रज शास्त्रज्ञाचं मत पुढची चाळीस-पन्नास वर्षं चाललं. त्याचं गणित सुबक होतं आणि जमिनीवरच्या सुया दोन्हींपैकी कोणतं खरं ते सांगू शकत नव्हत्या. त्यासाठी वर जाऊनच मोजायला हवं होतं.

मधल्या काळात दुसरीकडून पुरावा आला. धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्यापासून दूर जाणारी असते. १९५१ मध्ये जर्मनीच्या लुडविग बीरमान यांनी दाखवलं की त्यातल्या वायूच्या शेपटीला ढकलायला सूर्यप्रकाश पुरत नाही, सूर्याकडून सतत कण येत असले पाहिजेत. १९५८ मध्ये यूजिन पार्कर यांनी गणिताने मांडलं की सूर्याचं प्रभामंडळ इतकं तापलेलं आहे की ते जागेवर राहूच शकत नाही. ते सतत बाहेर वाहत जातं. याला त्यांनी सौर वारा म्हटलं. तपासणाऱ्या तज्ज्ञांनी हा लेख नाकारला होता. छापायचा निर्णय घेतला तो संपादक असलेल्या आपल्या चंद्रशेखर यांनी, स्वतःला तो निष्कर्ष फारसा आवडलेला नसताना. १९५९ च्या रशियन यानाने आणि १९६२ च्या मरिनर-२ ने हा वारा प्रत्यक्ष मोजला. सेकंदाला तीनशे ते आठशे किलोमीटर वेग, आणि कण दोन्ही प्रकारचे, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन. १९१६ मध्ये म्हटलं होतं तसे. मग १९६० च्या दशकातच उपग्रहांना अरोराच्या वर ते उभे प्रवाहही सापडले. त्यांना आता बिर्कलंड प्रवाह म्हणतात.

आणि राशिचक्र प्रकाश? तिथे ते चुकले. तो उजेड ग्रहांच्या मधल्या बारीक धुळीवरून परतलेला सूर्यप्रकाश आहे, विद्युतभारित कणांचा नाही. आयुष्याची शेवटची वर्षं आणि झोप ज्या उजेडासाठी गेली, तो दुसऱ्याच कशाचा तरी निघाला.

पण गोष्ट इथे संपत नाही. ग्रहांच्या मधल्या जागेत आणखी एक उजेड आहे, हायड्रोजनचा. ताऱ्यांच्या मधल्या जागेत अत्यंत विरळ वायू असतो, दहा घन सेंटीमीटरमागे एखाद-दोन अणू इतका विरळ. सूर्य आपला सगळा परिवार घेऊन त्यातून जातोय. त्या वायूतले विद्युतभारित कण सूर्याच्या चुंबकीय प्रदेशाच्या कडेवरून वळसा घालून जातात. पण हायड्रोजनच्या अख्ख्या अणूवर भार नसतो, त्याला चुंबकत्व अडवू शकत नाही. तो सेकंदाला वीस-पंचवीस किलोमीटरच्या वेगाने थेट आत शिरतो, ग्रहांच्या मधे येतो. इथे त्याची गाठ सौर वाऱ्याशी पडते.

पुढे जे होतं ते मुंबईकरांना चटकन कळेल. धावत्या लोकलच्या दारातल्या माणसाने फलाटावरच्या माणसाच्या हातातली पिशवी ओढून घ्यावी, तसा सुसाट जाणारा प्रोटॉन हायड्रोजनच्या अणूकडचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो. गाडीतला तेवढ्याच वेगाने पुढे जातो, आता अख्खा अणू होऊन. फलाटावरचा लुटला जातो, विद्युतभारित होतो, आणि सौर वाऱ्याबरोबर आलेलं चुंबकक्षेत्र त्यालाही ओढत बाहेर घेऊन जातं. सूर्याचे अतिनील किरणही काही अणू फोडतात, पण मुख्य काम या देवघेवीचं. म्हणून सूर्याच्या जवळच्या भागात हायड्रोजन जवळजवळ उरत नाही, तिथे एक पोकळ जागा तयार होते. सौर वारा जिकडे दाट, तिकडे हायड्रोजन जास्त साफ होतो. जिकडे विरळ, तिकडे तो टिकतो.

उरलेला हायड्रोजन सूर्याचा अतिनील प्रकाश सगळीकडे उधळतो आणि त्यामुळे आख्खं आकाश १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीत मंद उजळलेलं असतं. आपल्या डोळ्यांना तो प्रकाश दिसत नाही आणि हवेतून तो जमिनीपर्यंत येतही नाही. हेलवानच्या वाळवंटात बिर्कलंड आणखी पन्नास वर्षं बसले असते तरी त्यांना तो दिसणं शक्य नव्हतं. १९७० च्या सुमारास तो उपग्रहांनी ओळखला. मग २ डिसेंबर १९९५ ला, आपल्या त्या ग्रहणानंतर सहा आठवड्यांनी, आपण पूर्वपरीक्षेच्या तयारीत असताना, सोहो हे यान सुटलं. त्यावरचं स्वान नावाचं उपकरण या उजेडाचे सबंध आकाशाचे नकाशे काढतं. १९९६ हे सूर्याच्या शांततेचं वर्ष होतं. अशा वर्षी सूर्याच्या विषुववृत्ताजवळून संथ, दाट वारा वाहतो आणि ध्रुवांकडून वेगवान पण विरळ. नकाशात विषुववृत्ताच्या पातळीजवळ एक फिकट, खोलगट पट्टा दिसला, जिथे हायड्रोजन वाऱ्याने जास्त खरवडून काढला होता. सूर्य पुढे खवळत गेला तसा तो पट्टा बुजत गेला. सूर्याकडून येणाऱ्या पदार्थाची खूण ग्रहांच्या मधल्या उजेडात दिसायला हवी, असं बिर्कलंड यांना वाटत होतं. ती आहे. फक्त त्यांनी दुसरा उजेड धरला होता.

सर, तुमच्या राहिलेल्या उत्तराचं असं आहे. प्रभामंडळ पृथ्वीच्या अलीकडे संपत नाही. ते वारा होऊन आपल्यावरून, गुरू-शनीवरून, सगळ्या ग्रहांच्या पलीकडे जातं. ऑगस्ट २०१२ मध्ये व्हॉयेजर-१ ने त्याची हद्द ओलांडली, सूर्यापासून सुमारे १८०० कोटी किलोमीटरवर. आणि मधे पोकळी नाही. आपल्याजवळ घन सेंटीमीटरमागे सौर वाऱ्याचे पाचेक प्रोटॉन असतात, तितकेच इलेक्ट्रॉन, थोडी धूळ, आणि बाहेरून येऊन वाटेत लुटला जाणारा हायड्रोजन.

मुलगी आता दहावीत आहे. तिच्या पुस्तकात काय लिहिलंय ते मी अजून बघितलेलं नाही. दोनशे क्रोनरची ती नोट माझ्या पाकिटात आहे. २०१८ पासून ती चलनात नाही, तिकडे आता माशाचं चित्र असलेली नोट चालते. मेळाव्याला घेऊन येते. सरांना दाखवायची आहे.